बागेतली मुलांची जागा नव्याने करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कोणासाठी आहे?

आपल्या वॉर्डातल्या महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या बागेत मुलांचा कोपरा सुधारावा असं ज्यांना मनापासून वाटतं, त्या सगळ्यांसाठी. आई-बाबा, आजी-आजोबा, शिक्षक, गणेश मंडळाचे कार्यकर्ते, नगरसेवक, उद्यान विभागातले अभियंते आणि माळी. आमचा आग्रह एकच आहे: मुलांच्या जागेवरचा पैसा आधी जमिनीवर, सावलीवर आणि वाळू-माती-पाण्यावर खर्च व्हावा, तयार खेळणी त्यानंतर. पुढची बहुतेक उत्तरं याच आग्रहातून आली आहेत.

जुनी खेळणी काढून नवी बसवली की काम होत नाही का?

बहुतेक बागांमध्ये एवढंच होतं. निविदा निघते, फायबरचं रंगीत मल्टिप्ले (जिना, घसरगुंडी, छप्पर एकत्र असलेलं खेळणं) येतं, फीत कापली जाते आणि खाली पेव्हर ब्लॉक तसेच राहतात. सुरुवातीला मुलांची झुंबड उडते. मग मुलं घसरगुंडीवर उलटं चढायला लागतात, छपरावर बसायला लागतात, आणि बाकावरून आरडाओरडा सुरू होतो. उलटं चढणाऱ्या मुलाला आपण खोडकर म्हणतो. खरं तर त्या खेळण्यात करण्यासारखं जे काही होतं ते त्याचं करून संपलेलं असतं. एक जिना, एक घसरण, पुन्हा तोच जिना. मूल पुढचं आव्हान शोधतंय आणि ते त्याला आपण दिलेलं नाही.

म्हणून पहिला प्रश्न 'कोणतं खेळणं आणायचं' हा नसावा. इथे मुलांना काय काय करता येईल, हे आधी विचारावं. चढणं, झुलणं, लोळणं, लपणं, उडी मारणं, खणणं, पाणी सोडणं, रचणं, मोडणं, घर-घर खेळणं, आणि काही न करता बसून राहणं. या क्रियांपैकी आपल्या बागेत आज किती होतात ते एका संध्याकाळी बसून पाहा. सहसा झुलणं आणि घसरणं सापडतं, बाकी कोरं असतं.

'कल्पक खेळ' म्हणजे नेमकं काय? जरा जड शब्द वाटतो.

दिवाळीतला किल्ला आठवा. विटा, दगड, गोणपाट, चिखल. कोणी माती मळतं, कोणी तटबंदी रचतं, कोणी विहिरीसाठी वाटी पळवून आणतं, अळीव पेरून दोन-चार दिवसांत डोंगर हिरवा होतो. बुरूज ढासळला की भांडण, मग पुन्हा बांधणी. शेवटी मावळे कुठे उभे करायचे यावर मोठी चर्चा. कोणतंही सूचनापत्रक नसताना मुलं आठवडाभर यात बुडून जातात. भातुकलीतही तेच: करवंटीचं पातेलं होतं, पानांची पोळी होते आणि घटकाभराने तीच करवंटी होडी होते.

वस्तू ठरलेली नसली की मूल ती ठरवतं. १९७१ साली ब्रिटिश कलाकार सायमन निकल्सन यांनी हा विचार 'सुट्या भागांचा सिद्धान्त' म्हणून मांडला. एखाद्या जागेत हलवता, जोडता, मोडता येतील अशा गोष्टी जितक्या जास्त, तितकी तिथे शोध घेण्याची आणि काही निर्माण करण्याची शक्यता जास्त, असं त्यांचं म्हणणं. आपल्या बागांमध्ये हलवता येणारी गोष्ट शोधली तर कचऱ्याच्या डब्याचं झाकण सापडेल.

करता येण्याजोगं बरंच आहे. वाळूचा हौद. त्याच्याजवळ हातपंप किंवा आपोआप बंद होणारा नळ. ओंडके, बांबूचे तुकडे, छोट्या फळ्या, करवंट्या, जुन्या चादरी आणि एक ताडपत्री, असा ऐवज एका मोठ्या पेटीत कुलूप लावून ठेवायचा. संध्याकाळी पेटी उघडायची, रात्री मुलांनीच भरायची. ही जबाबदारी घ्यायला बागेच्या कर्मचाऱ्याबरोबर दोन-तीन पालक पुरतात. दोर मात्र या पेटीत नको. मोठं माणूस शेजारी असेल तेव्हाच तो काढावा, कारण गळ्याभोवती अडकणारी गोष्ट हा खरा धोका आहे.

हे सगळं कागदावर छान वाटतं. असं कुठे प्रत्यक्षात झालंय का?

झालंय, आणि बरंच आधी. डेन्मार्कचे उद्यानरचनाकार सी. टी. सॉरेन्सन यांच्या लक्षात आलं होतं की त्यांनी आखलेल्या नीटनेटक्या क्रीडांगणांपेक्षा मुलं बांधकामाच्या जागांवर आणि भंगारात जास्त रमतात. त्यातून १९४३ साली, देश जर्मनीच्या ताब्यात असताना, कोपनहेगनजवळच्या एमड्रुप वसाहतीत 'भंगाराचं क्रीडांगण' उभं राहिलं. लाकूड, विटा, हत्यारं, आणि मुलांसोबत राहणारा एक जाणता माणूस. युद्धानंतर ही कल्पना इंग्लंडमध्ये गेली आणि बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या मोकळ्या जागांवर अशी क्रीडांगणं झाली.

आमच्या मते आपल्याला जास्त जवळचं उदाहरण अॅमस्टरडॅमचं आहे. तिथे १९४७ साली आल्डो व्हॅन आइक या तरुण वास्तुरचनाकाराने बेर्टेलमनप्लाइन नावाच्या चौकात पहिलं छोटं क्रीडांगण केलं. रुंद काठाचा वाळूचा हौद, त्यात काही गोल दगड, कोलांट्या मारायला लोखंडी दांड्या, झाडं आणि बाकं. एवढंच. पुढच्या तीसेक वर्षांत शहरात अशा सातशेहून जास्त जागा झाल्या. दोन इमारतींमधला रिकामा तुकडा, रस्त्याचा रुंद कोपरा, जे मिळेल ते त्यांनी घेतलं. दाटीवाटीच्या शहरात, कमी पैशांत, मोठी बाग नसताना काय करता येतं याचा हा धडा आहे.

व्हॅन आइक यांनी हत्ती-घोड्यांचे आकार मुद्दाम टाळले. हत्तीच्या सोंडेची घसरगुंडी हत्तीच राहते, तर साधी लोखंडी कमान आज गुहा, उद्या दुकान, परवा जहाज होते. याला अपवादही आहेत. मुंबईत मलबार हिलवरच्या कमला नेहरू उद्यानातला म्हातारीचा बूट अनेक पिढ्यांना प्रिय आहे. पण त्याचं कारण त्याचा आकार एवढंच नाही. त्याच्या आत शिरता येतं, वर जाता येतं आणि खिडकीतून खालच्या लोकांकडे पाहता येतं. आत शिरता येणारी कोणतीही गोष्ट मुलांना गोष्ट रचायला लावते.

सुरक्षित म्हणजे मूल पडणारच नाही असं करायचं का?

नाही. जोखीम आणि छुपा धोका या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, मग निर्णय सोपे होतात.

जोखीम मुलाला दिसते. ओंडका उंच आहे, आपण तिथवर जाऊ शकू का, हे ते स्वतः तोलतं आणि नाही जमलं तर माघारी फिरतं. छुपा धोका त्याला दिसूच शकत नाही: गंजून पोकळ झालेला झोपाळ्याचा हूक, डोकं अडकेल एवढी फट, वाळूखाली उघडा पडलेला काँक्रीटचा पाया, पत्र्याची धार. छुपे धोके एकूण एक काढायचे. जोखीम ठेवायची, आणि ती लहान-मोठ्या पायऱ्यांमध्ये ठेवायची, म्हणजे प्रत्येक मुलाला आपल्या आवाक्यातली निवडता येईल.

नॉर्वेच्या संशोधक एलेन सँडसेटर यांनी २००७ मध्ये मुलांच्या जोखमीच्या खेळाचे प्रकार मांडले: उंची, वेग, हत्यारं, पाणी-आगीसारख्या गोष्टींची जवळीक, दंगामस्ती, आणि मोठ्यांच्या नजरेआड जाणं. यातलं सगळं सार्वजनिक बागेत आणता येणार नाही. पण उंची, वेग, दंगामस्ती आणि थोडंसं लपणं नक्की आणता येतं. हे सगळं काढून टाकलं तर मुलं ते रस्त्यावर, गच्चीवर आणि पाण्याच्या टाकीवर शोधतात.

खाली जमिनीवर काय घालावं? पेव्हर ब्लॉक, लॉन, रबर, वाळू?

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. क्रीडांगणावरच्या गंभीर दुखापतींचं प्रमुख कारण पडणं हे आहे, आणि किती लागेल हे मूल कशावर पडतं यावर फार अवलंबून असतं. म्हणून खेळण्याखाली पेव्हर ब्लॉक, शहाबादी फरशी, काँक्रीट किंवा धुमसून घट्ट बसवलेला मुरूम नको म्हणजे नकोच.

क्रीडांगणातल्या खेळण्यांसाठी युरोपात ईएन ११७६ आणि खालच्या पृष्ठभागासाठी ईएन ११७७ ही मानकं वापरतात. आपल्याकडचे अनेक पुरवठादारही त्यांचाच हवाला देतात, त्यामुळे त्यातले आकडे माहीत असलेले बरे. पडण्याची उंची कधीही ३ मीटरपेक्षा जास्त नसावी. चांगली हिरवळ साधारण १ मीटर उंचीपर्यंत चालते, मात्र आपल्याकडे मे महिन्यात ती हिरवळ कितपत शिल्लक असते ते बघून ठरवा. वाळू २ मीटर उंचीपर्यंत २० सेंटिमीटर आणि ३ मीटरपर्यंत ३० सेंटिमीटर जाडीची लागते. पायाने वाळू सरकते, म्हणून दोन्हीत आणखी १० सेंटिमीटर धरायचे.

खेळण्याभोवती किती जागा मऊ हवी याचाही हिशोब आहे. १.५ मीटर उंचीपर्यंत सगळ्या बाजूंनी १.५ मीटर. त्याहून उंच असेल तर उंचीचे दोन तृतीयांश अधिक अर्धा मीटर. म्हणजे २.४ मीटर उंचीला २.१ मीटर. झोपाळ्याला आणि घसरगुंडीच्या तोंडाला याहून वेगळे नियम आहेत, ते पुरवठादाराकडून नकाशावर आखून घ्या.

वाळू किती लागेल? समजा ३ × २ मीटरचं, दीड मीटर उंच चढण्याचं खेळणं आहे. भोवतीची जागा धरून ६ × ५, म्हणजे ३० चौरस मीटर. जाडी २० अधिक १०, म्हणजे ३० सेंटिमीटर. एकूण ९ घनमीटर, साधारण सव्वातीन ब्रास. वाळू धुतलेली, गोलसर कणांची आणि माती नसलेली हवी. क्रश सँड घालू नका. तिचे कण टोकदार असतात, त्यात भुकटी असते, आणि पावसाळ्यानंतर ती घट्ट बसते. नदीची वाळू घ्याल तर रॉयल्टीची पावती मागा, मुलांच्या जागेसाठी नदी बेकायदा ओरबाडली जायला नको.

रबराच्या फरशा किंवा जागेवर ओतलेलं ईपीडीएम (एक प्रकारचं कृत्रिम रबर) चाकाच्या खुर्चीसाठी उत्तम आणि झाडायला सोपं. पण महाग, उन्हात चटका देणारं, आणि खालचा थर नीट नसेल तर लवकर उखडणारं. जाडी पडण्याच्या उंचीप्रमाणे ठरते. चाचणीत डोक्याला बसणाऱ्या धक्क्याचा निर्देशांक १००० च्या आत आहे, असा दाखला पुरवठादाराने दिला पाहिजे. दाखला नसेल तर तो नुसता रंगीत गालिचा आहे. आम्ही सुचवतो ती तडजोड अशी: वाटा आणि एक-दोन खेळणी रबरावर, बाकी सगळं वाळूवर.

वाळू आठवड्याला उकरावी लागते. तालमीत हौद्यातली माती रोज फावड्याने उकरतात ती पडणाऱ्याला लागू नये म्हणूनच. कोल्हापूर-सांगलीच्या माणसांना हे वेगळं सांगायला नको.

फटी, दांड्या, साखळ्या यांत काय तपासायचं?

लहान मुलाचं धड जाईल पण डोकं अडकेल अशी फट जीवघेणी असते. कठडे, शिड्या, जाळ्या यांतली कोणतीही बंदिस्त फट ८९ मिलिमीटरपेक्षा लहान किंवा २३० मिलिमीटरपेक्षा मोठी हवी. मधलं काहीही नको. बोटांसाठी ८ ते २५ मिलिमीटरच्या फटी आणि भोकं टाळावीत. मोजपट्टी घेऊन बागेत गेलात तर तासाभरात सगळं मोजून होतं.

झोपाळ्याच्या एका चौकटीत दोनच बैठका असाव्यात, आणि बैठक जमिनीपासून किमान ३५ सेंटिमीटर वर. लाकडी फळीपेक्षा रबरी पट्टा बरा, कारण डोक्याला लागण्याची भीती कमी होते. झोपाळे नेहमी कडेला ठेवा, पळण्याच्या वाटेत नाही.

दोन सवयी मात्र आपल्यालाच बदलायच्या आहेत. बाळाला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून येऊ नका. बाळाचा पाय कडेला अडकतो आणि मोठ्या माणसाच्या वजनाने तो पिळवटून हाड मोडतं. एकटं घसरणाऱ्या बाळाला हा धोका फार कमी. दुसरं, ओढणी, गळ्यातला दोरा किंवा ताईत आणि टोपीची नाडी खेळण्याआधी काढून ठेवा. सायकलचं हेल्मेटही चढताना डोक्यावर नको.

आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये ऊन प्रचंड. मग?

मग सावली हा पहिला खर्च समजा. नागपूर, अकोला, चंद्रपूरला पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, तिथे पत्र्याची घसरगुंडी म्हणजे तवा. घसरगुंडीचं तोंड उत्तरेकडे करा, तिच्यावर झाडाची किंवा कापडी छताची सावली पश्चिमेकडूनही येईल असं पाहा. नवीन झाड सावली द्यायला काही वर्षं घेतं, तोवर शेडनेट किंवा बांबूचा मांडव. उभ्या असलेल्या मोठ्या झाडाभोवतीच खेळाची जागा आखली तर हा खर्च बराच वाचतो. मात्र खोडाभोवती किमान मीटरभर माती मोकळी ठेवा आणि मुळांवर भराव टाकू नका.

आणखी एक. अनेक शहरांत बागा दुपारी बंद असतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरात कोंडलेल्या मुलांना सावलीची बाग दुपारीही उघडी हवी आहे. हा बदल एका परिपत्रकाने होतो, त्याला निविदा लागत नाही.

मुलांना झाडावर चढू द्यावं का?

द्यावं. सूरपारंब्या हा खेळ झाडाशिवाय होतच नाही, आणि तो खेळलेली एक अख्खी पिढी आजही बागेच्या बाकांवर बसलेली आहे. चढण्यासाठी एखादं मजबूत, आडव्या फांद्यांचं झाड निवडा, खालच्या वाळलेल्या फांद्या काढून घ्या, खाली वाळू किंवा पालापाचोळ्याचा जाड थर ठेवा. गुलमोहराच्या फांद्या ठिसूळ असतात, तो नको. वड, चिंच, आंबा चांगले. फांदी छाटायची किंवा झाड काढायचं असेल तर महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ठेकेदाराला हे आधीच सांगून ठेवा.

लागवडीत काय नको ते जास्त महत्त्वाचं. कण्हेर आणि पिवळी कण्हेर शोभेसाठी सर्रास लावतात, दोन्ही विषारी. एरंड, मोगली एरंड, धोतरा, गुंज यांच्या बिया मुलं खेळता खेळता तोंडात घालतात, म्हणून ही झाडं कुंपणापलीकडेही दिसली तर काढायला लावा. मुलांच्या वाटेवर बोगनवेल नको, काटे डोळ्यांच्या उंचीवर येतात. त्याऐवजी जांभूळ, आवळा, पेरू, शेवंती, गवती चहा, तुळस लावा. फळ पडतं, वास येतो, फुलपाखरं येतात, आणि भातुकलीचा बाजार फुकट भरतो.

वाळूत कुत्री-मांजरी घाण करतात. त्यापेक्षा वाळूच नको, असं उद्यान विभाग म्हणतो.

त्यांची काळजी खरी आहे. कुत्र्या-मांजरांच्या विष्ठेतून जंतांची अंडी वाळूत येतात आणि मुलांच्या पोटात जाऊ शकतात. उपाय साधे आहेत. मुलं वाळूत खेळतात तो हौद खेळण्यांखालच्या वाळूपासून वेगळा आणि लहान ठेवा, म्हणजे रात्री त्यावर जाळी ओढता येईल. हौद उन्हात पण मुलं बसतात तो भाग सावलीत, असा अर्धा-अर्धा करा, ऊन वाळू कोरडी ठेवतं. सकाळी चाळणीने वरचा थर चाळायचा, वर्षातून एकदा वाळू बदलायची, शेजारी हात धुवायचा नळ. आणि बागेच्या फाटकाला आपोआप मिटणारी झडप. वाळू काढून टाकणं हा सोपा मार्ग आहे खरा, पण मग खणणं आणि रचणं या दोन्ही गोष्टी मुलांच्या आयुष्यातून जातात. शहरात त्यांना दुसरीकडे खणायला जागाच उरलेली नाही.

पावसाळ्यात चिखल आणि डास होतात, त्याचं काय?

वाळूच्या हौदाखाली खडीचा थर आणि पाणी बाहेर नेणारा पाइप हवा, नाहीतर जूनमध्ये त्याचं डबकं होतं. कोकणात तर हे सोडून चालणारच नाही. टायर वापरत असाल तर प्रत्येकाला खालून भोकं पाडा, साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात.

टायरची खेळणी चांगली की वाईट?

स्वस्त आणि मजबूत. बंगळुरूची अँथिल क्रिएशन्स ही संस्था जुन्या टायरांपासून शाळांमध्ये आणि वस्त्यांमध्ये क्रीडांगणं उभारते, तिचं काम जरूर पाहा. झिजलेल्या टायरमधून पोलादी तारा बाहेर येतात, असे टायर बाद करा. चांगले धुऊन, रंगवून, अर्धे पुरून वापरा. उन्हात ते तापतात, म्हणून सावलीतच.

दिव्यांग मुलांसाठी वेगळा कोपरा करावा का?

वेगळा कोपरा नको. भावंडं एकाच जागी खेळली पाहिजेत. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ नुसार सार्वजनिक जागा सर्वांना वापरता येण्याजोग्या करणं ही जबाबदारी आहे, उपकार नव्हे.

फाटकापासून खेळापर्यंत कडक, सपाट वाट हवी. चढ असेल तर १ ला १२ पेक्षा जास्त तीव्र नको. चाकाची खुर्ची खाली जाईल अशा उंचीचा वाळूचा ओटा, पाठीला टेकू असलेला एक झोपाळा, वाटीच्या आकाराचा मोठा झोपाळा ज्यात दोघं-तिघं आडवी होऊ शकतात, हाताला वेगळे लागणारे पृष्ठभाग, आवाज करणारे बांबू. स्वमग्न मुलांना गोंगाटातून बाजूला होण्यासाठी एखादा शांत, अर्धबंद कोनाडा लागतो. आई-बाबांना तो बाकावरून दिसला की पुरे. अशा घरांतल्या दोन-तीन पालकांना पहिल्या बैठकीलाच बोलवा. नकाशा झाल्यावर त्यांचं मत विचारणं म्हणजे शिष्टाचार झाला, सहभाग नाही.

मोठ्या मुली बागेत दिसत नाहीत. याचा आराखड्याशी संबंध आहे का?

आहे. व्हिएन्ना शहराने १९९० च्या दशकात हा प्रश्न तपासला, तेव्हा साधारण नऊ वर्षांपुढच्या मुली बागेतून नाहीशा होतात असं दिसलं. मोकळी जागा एकच होती आणि ती मुलग्यांच्या खेळाने व्यापलेली होती. तिथे काही बागांमध्ये जागेचे लहान भाग पाडले, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनसाठी जागा दिली, वाटा आणि उजेड सुधारला, आणि मुली परत आल्या.

आपल्याकडे क्रिकेट सगळी जागा खातं. क्रिकेट बंद करा असं म्हणणं नाही, त्याला हद्द द्या. लंगडी आणि आट्यापाट्यांची आखणी जमिनीवर कायमची करून ठेवा, सागरगोटे खेळता येतील असे गुळगुळीत ओटे करा, चौघी-पाचजणी समोरासमोर बसू शकतील अशी गोल बैठक ठेवा. आणि स्वच्छ, आतून कडी लागणारं, पाणी असलेलं स्वच्छतागृह. ते नसेल तर मुली आणि त्यांच्या आया तासाभरात घरी परततात, बाकी आराखडा कितीही चांगला असो.

मुलांना काय हवंय ते कसं विचारायचं?

'कसली बाग हवी?' असं विचारलं तर टीव्हीवर पाहिलेली वॉटर पार्क सांगतात, त्यात त्यांचा दोष नाही. त्यापेक्षा त्यांना बाग दाखवायला सांगा. कुठे लपता, कुठे भीती वाटते, कुठे कंटाळा येतो, कुठे मोठी मुलं हाकलतात. मग चिखल, काड्या, खडे देऊन जमिनीवर नमुना करायला सांगा. शेजारच्या महापालिका शाळेतल्या आणि वस्तीतल्या मुलांनाही बोलवा, बागेवर त्यांचा हक्क तितकाच आहे आणि घरात जागा कमी असल्याने गरज जास्त. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमात खेळण्याचा हक्क आहे, आणि भारताने ती १९९२ साली स्वीकारली आहे.

ज्येष्ठ नागरिकांना गोंगाट नको असतो आणि ओपन जिमही तिथेच आहे.

ओपन जिमची यंत्रं मोठ्यांच्या शरीरासाठी असतात. त्यांच्या सांध्यांत लहान बोटं चिरडतात. ती मुलांच्या जागेपासून दूर आणि कमरेएवढ्या कुंपणाआड हवीत. आजी-आजोबांची बाकं मात्र मुलांच्या जवळच ठेवा, सावलीत आणि टेकायला पाठ असलेली. गोंगाट नको असणाऱ्यांसाठी बागेच्या दुसऱ्या टोकाला शांत फेरी आखा. आमचा विश्वास आहे की बरेचसे आजोबा मग स्वतःच विटी-दांडू शिकवायला पुढे होतील, फक्त विटी लहान मुलांच्या दिशेने जाणार नाही अशी जागा त्यांना द्या.

महापालिकेकडे सुरुवात कुठून करायची?

क्षेत्रीय किंवा वॉर्ड कार्यालयात लेखी अर्ज, त्याची एक प्रत मुख्य उद्यान अधीक्षकांना. सोबत बागेचे फोटो, मोजलेल्या फटी, खालच्या जमिनीची अवस्था आणि हाताने काढलेला नकाशा जोडा. अर्जाची पोच घ्या. मागच्या दुरुस्तीवर किती खर्च झाला आणि देखभालीचा करार कोणाकडे आहे हे माहिती अधिकारात विचारता येतं. पुणे महापालिका २००६-०७ पासून नागरिकांकडून अर्थसंकल्पासाठी कामं सुचवून घेते. तिथल्या रहिवाशांनी ती मुदत चुकवू नये, वाळूचा हौद किंवा सावलीचं छत अशी आटोपशीर कामं त्यात बसण्यासारखी असतात.

निविदेचे शब्द फार महत्त्वाचे. 'खेळणी पुरवणे व बसवणे' एवढंच लिहिलं की खेळणीच येतात. त्यात धक्का शोषणाऱ्या पृष्ठभागाची जाडी आणि दाखला, फटींची मापं, सुट्या भागांची उपलब्धता, मुलांसोबत घेतलेल्या बैठकीचं टिपण आणि किमान तीन वर्षांची देखभाल हे सगळं असू द्या. देखभालीची रक्कम शेवटी न देता टप्प्याटप्प्याने, तपासणीनंतर द्यावी.

देखभाल कोणी आणि कशी करायची?

रोज माळी किंवा सुरक्षारक्षकाने एक फेरी: काचा, खिळे, तुटलेलं काही. महिन्यातून एकदा नटबोल्ट, हूक, साखळ्यांची झीज, वाळूची जाडी. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर, अभियंत्याकडून पायाची आणि गंजाची तपासणी. वाळूची जाडी कळण्यासाठी खांबावर रंगाची रेघ मारून ठेवा. रेघ दिसली की वाळू कमी झाली, हे मुलंसुद्धा सांगतील. मोडलेलं खेळणं त्याच दिवशी दोरी बांधून नव्हे, काढून किंवा पूर्ण झाकून बंद करा. लाल फीत मुलांना आणखी बोलावते.

पैसे फारच कमी आहेत. आधी काय?

पेव्हर ब्लॉक उखडून वाळू. मग धोकादायक खेळणी काढणं, भले जागा रिकामी राहिली तरी. मग सावली, पाणी, हात धुवायचा नळ. मग मातीचा एक टेकाड, ज्याला जवळच्या बांधकामावरची चांगली माती चालते. ती सहसा नुसत्या वाहतुकीच्या खर्चात मिळते, डबर आणि काचा नाहीत एवढं पाहून घ्या. टेकाडावरून लोळता येतं, घसरता येतं, त्यावर गड होतो, पावसात ओढे वाहतात. तयार खेळणं यानंतर, आणि एकच पण चांगलं.

आमची बाग सोसायटीची आहे. हे लागू होतं का?

सगळं. राज्याच्या २०२० च्या एकात्मिक विकास नियमावलीत, ती लागू असलेल्या शहरांत ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर १० टक्के मोकळी मनोरंजन जागा सोडावी लागते. ती पार्किंगने गिळली असेल तर आधी मंजूर नकाशा काढा आणि सर्वसाधारण सभेत मांडा.

आणि गावात? आमच्याकडे बाग नाही, शाळेचं पटांगण आहे.

मग तुम्ही बऱ्याच शहरांपेक्षा पुढे आहात. जिल्हा परिषद शाळेच्या पटांगणात माती आहे, बहुतेक ठिकाणी एखादं मोठं झाडही. शाळा व्यवस्थापन समितीत आणि ग्रामसभेत विषय घ्या, शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत फाटक उघडं राहील असा ठराव करा. वाळूचा हौद, ओंडके, झाडाला नीट बांधलेला झोका आणि मल्लखांबासाठी पुरलेला एक खांब, त्याखाली उकरलेली माती. हे गावातल्या सुताराच्या आणि गवंड्याच्या हातून होतं. झोक्याची दोरी दर हंगामात बदला. फांदीला दोर घासतो तिथे जुन्या गोणपाटाचा जाड वेढा द्या, म्हणजे झाडाची साल सोलली जाणार नाही आणि दोरही लवकर झिजणार नाही.